वाचक विचारतात: रंगीत चित्रावर किती विश्वास ठेवायचा?

मागच्या अंकात एक छोटं टिपण आलं होतं, पुलाचा गर्डर असो की बोटीचा तळ, हल्ली वस्तू बनवायच्या आधी ती कम्प्युटरवर वाकवून, ताणून, तोडून कशी बघतात त्याबद्दल. त्यावर एवढे मेसेज, पत्रं आणि एक-दोन जरा तापलेले ईमेल आले की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांनी ते टिपण वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वस्तूचे कम्प्युटरमध्ये हजारो-लाखो छोटे तुकडे करायचे, हे एलिमेंट, ते एकमेकांना जोडले जातात ते नोड, सगळं जाळं म्हणजे मेश, प्रत्येक तुकडा किती सरकतो ते अगदी सोप्या फॉर्म्युल्याने लिहायचं आणि मग लाखभर समीकरणं एकदम सोडवायची, उत्तर रंगीत चित्रात दिसतं. १९४३ मध्ये कूरांट या गणितज्ञाने कल्पना मांडली, १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी ती विमानाच्या सांगाड्याला लावली, आणि १९६० मध्ये क्लफनेच तिला फायनाईट एलिमेंट मेथड हे नाव दिलं. आता प्रश्न.

प्रश्न (फर्मागुडीहून मेकॅनिकलची विद्यार्थिनी): सर, मी एल आकाराच्या ब्रॅकेटचं ॲनालिसिस केलं. आतल्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त स्ट्रेस (दर क्षेत्रफळाला येणारं आतलं बळ) ११८ एमपीए (मेगापास्कल) आला. एलिमेंटचा साईज निम्मा केला तर १६२, परत निम्मा केला तर २२१. व्हायवाला यातला कुठला आकडा सांगू? मित्र म्हणतो सगळ्यात बारीक मेशचा सांग.

उत्तर: एकही सांगू नको, बाय. आधी तुझ्या आकड्यांचा रेशो काढून बघ, ११८ वरून १६२, १६२ वरून २२१, दरवेळी साधारण १.३७ पट. अजून एकदा मेश निम्मी केलीस तर ३०० च्या आसपास येणार हे मी इथे बसून सांगतो, आणि असंच वाढत जाणार, कुठेही थांबणार नाही. कारण ९० अंशाच्या धारदार आतल्या कोपऱ्याला इलॅस्टिसिटीच्या थिअरीत स्ट्रेसचं खरं उत्तरच अनंत आहे. कोपऱ्याच्या जवळ जाऊ तसा स्ट्रेस अंतराच्या सुमारे उणे ०.४५५ घाताने वाढतो, आणि २ चा ०.४५५ वा घात काढलास तर येतं १.३७. म्हणजे सॉफ्टवेअर चुकत नाहीये, उलट तू विचारलेल्या प्रश्नाचं अगदी प्रामाणिक उत्तर देतंय, फक्त प्रश्नच असा आहे की त्याला आकड्यात उत्तर नाही.

मग करायचं काय? खऱ्या ब्रॅकेटचा कोपरा कधीच सुईसारखा नसतो, मशीनिंग करताना थोडी तरी गोलाई राहतेच, तर ड्रॉइंगमध्ये जेवढा फिलेट, म्हणजे ही गोलाई, असेल तेवढा मॉडेलमध्ये घाल, त्या कमानीवर चांगले सात-आठ एलिमेंट पडतील असं बघ, आकडा एका ठिकाणी बसायला लागेल. फिलेट घालायचा नसेल तर कोपऱ्यातला आकडा सोडून दे आणि टोक किती खाली आलं ते बघ, एकूण स्ट्रेन एनर्जी (वाकताना वस्तूत साठलेली) बघ, या गोष्टी बसतात. फक्त तिथेही कोपरा आपला टॅक्स वसूल करतो बरं का, साध्या लिनियर एलिमेंटमध्ये वस्तू गुळगुळीत असेल तर मेश निम्मी केल्यावर स्ट्रेसमधली एकूण चूक निम्मी व्हायला हवी, असा कोपरा असला की ती जेमतेम दीडपटीने कमी होते. सगळी मेश बारीक करण्यापेक्षा कोपऱ्याभोवतीच दाट केलीस तर ते नुकसान भरून निघतं. व्हायवाला तीन मेशचं टेबल आणि हा १.३७ घेऊन जा. एक्स्टर्नलला त्यावर जास्त विचारावंसं वाटेल, वाटू दे.

प्रश्न (बेतीहून एक वाचक): माझा धाकटा भाऊ फायबरच्या होड्या करतो. काचेची मॅट, रोव्हिंग, रेझिन, सगळं हाताने. तुमच्या टिपणात लिहिलं होतं की कम्प्युटर मटेरियलच्या आत शिरून बघतो. म्हणजे काचेचा एकेक तंतू मोजतो की काय? आणि तसं असेल तर भावाने थर किती द्यावेत ते कळेल का?

उत्तर: एकेक तंतू मोजायचं ठरवलं तर काय होईल ते आधी बघू. काचेचा तंतू १०-२० मायक्रॉन जाड. त्याचा आकार नीट पकडायचा तर एलिमेंट दोनेक मायक्रॉनचा हवा, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्येच ५०० गुणिले ५०० गुणिले ५००, साडेबारा कोटी एलिमेंट झाले. आता समजा होडीची कातडी २० चौरस मीटर आणि ८ मिलिमीटर जाड, तर सगळे मिळून २ च्या पुढे १६ शून्यं. एवढं सोडवणारं मशीन कुठे नाही, आणि असतं तरी होडीसाठी कोणी दिलं नसतं.

म्हणून मल्टिस्केल, म्हणजे लहान आणि मोठ्या अशा दोन मापांवर गणित. इंजिनिअर लोक इथे जे करतात ती शितावरून भाताची परीक्षाच आहे. मटेरियलचा एक बारीक चौकोनी डबा घ्यायचा, त्यात तंतू, रेझिन, हवेचे बुडबुडे सगळं खरं खरं दाखवायचं, त्या डब्याला ताणून-दाबून-पिळून बघायचं आणि त्याचा जो सरासरी कडकपणा येईल तो होडीच्या मोठ्या मॉडेलला द्यायचा. या डब्याला आरव्हीई म्हणतात आणि तो कसा निवडावा याची रीतसर मांडणी हिल यांनी १९६३ मध्ये केली. नुसता इलॅस्टिक कडकपणा हवा असेल तर डबा सहा प्रकारे ताणला की काम झालं, सहा गणितं आणि बाकी सगळं होडीच्या मॉडेलमध्ये. पण मटेरियल वाकल्यावर बदलत जाणारं असेल, रेझिन तडकायला लागलं असेल, तर प्रत्येक जागी डबा वेगळा वागतो, मग मोठ्या मॉडेलच्या प्रत्येक गाऊस पॉइंटवर (एलिमेंटच्या आत जिथे स्ट्रेस काढतात त्या ठरलेल्या जागी) एक जिवंत डबा ठेवायचा, मोठं मॉडेल त्याला विचारतं की एवढा ताणला तर स्ट्रेस किती, डबा आपलं फायनाईट एलिमेंट सोडवून उत्तर वर पाठवतो. याला एफई स्क्वेअर म्हणतात (एफई म्हणजे फायनाईट एलिमेंट, दोन पातळ्यांवर), फ्रान्समध्ये फेयेल यांनी १९९९ च्या सुमारास ते चालवून दाखवलं. खर्च मात्र बघा, १०,००० एलिमेंट, प्रत्येकी ८ गाऊस पॉइंट, म्हणजे ८०,००० डबे, लोड शंभर टप्प्यांत वाढवला आणि प्रत्येक टप्प्याला चार फेऱ्या लागल्या तर डब्याचं गणित ३ कोटी २० लाख वेळा.

आता खरा मुद्दा, की शित किती मोठं घ्यायचं आणि त्याच्यावर विश्वास किती. इथे मला स्वतःला एक गोष्ट फार आवडते. डब्याच्या कडा तुम्ही दोन टोकाच्या रीतींनी धरू शकता. एक म्हणजे कडेवरचा प्रत्येक बिंदू किती सरकेल ते आधीच ठरवून टाकायचं, तेव्हा डबा असतो त्यापेक्षा कडक दिसतो. दुसरी म्हणजे कडेवर सगळीकडे सारखं बळ लावायचं आणि सरकायला मोकळं सोडायचं, तेव्हा तो असतो त्यापेक्षा नरम दिसतो. डबा मोठा करत गेलं की ही दोन उत्तरं जवळ जवळ येतात. म्हणजे दोन्ही काढा आणि मधली फट बघा, तुमचं शित पुरेसं मोठं आहे की नाही ते ती फटच सांगते, बाहेरच्या कोणाला विचारायला नको. (व्यवहारात पिरिऑडिक कडा, म्हणजे समोरासमोरच्या कडा एकमेकींशी जुळत्या हलतील अशी रीत, वापरतात, तिचं उत्तर या दोघांच्या मध्ये पडतं आणि लवकर बसतं.) आणि डबे चार वेगवेगळ्या जागचे घ्या, हाताने टाकलेल्या मॅटमध्ये एका जागी काच जास्त, एका जागी रेझिनचं तळं, एकाच डब्यावर जाऊ नका.

कम्प्युटर नसेल तरी वरची-खालची मर्यादा कागदावर निघते, फॉइक्ट यांची १८८९ ची आणि रॉइस यांची १९२९ ची. काचेचा कडकपणा ७२ जीपीए (एक जीपीए म्हणजे हजार एमपीए), रेझिनचा ३.५, काच आकारमानाने ३० टक्के धरली तर वरची मर्यादा २४ येते आणि खालची ५ पेक्षा किंचित कमी. एवढी फट म्हणजे होडी बांधणाऱ्याला काहीच सांगितलं नाही असं तुम्ही म्हणाल आणि ते बरोबरच आहे, म्हणूनच पुढे १९६३ मध्ये हाशिन आणि श्ट्रिकमन यांनी त्या मर्यादा आवळल्या आणि त्यानंतर डब्याचं गणित आलं. पण तुमच्या इंजिनिअरने मटेरियलचा कडकपणा या दोन आकड्यांच्या बाहेरचा दिला तर तो चुकलाय एवढं तरी नक्की.

भावाने थर किती द्यावेत? त्यासाठी मल्टिस्केल लागत नाही हो, त्यासाठी क्लासिफिकेशन सोसायट्यांचे (जहाजं-होड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचे) नियम आहेत आणि ते अनुभवातून आलेत. भावाला एक सांगा, लॅमिनेटचा, म्हणजे काच-रेझिनच्या तयार थरांचा, छोटा तुकडा कापून वजन करून भट्टीत रेझिन जाळायचं आणि उरलेल्या काचेचं वजन करायचं, काचेचं खरं प्रमाण कळतं. ते माहीत नसेल तर पुढचं सगळं सिम्युलेशन हवेत. अजून एक, वर जे सगळं सांगितलं ते कडकपणाबद्दल. ताकदीला, म्हणजे तुटेल कधी याला, सरासरी चालत नाही, तुटायला सुरुवात होते ती सगळ्यात वाईट जागेपासून आणि ती जागा तुमच्या डब्यात आली नसेल तर डबा गप्प बसतो.

प्रश्न (डिचोलीहून): आमचं घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), जुनं. भिंतीला तिरकी भेग गेलीय. कम्प्युटरवर कळेल का कशामुळे?

उत्तर: कळेल, पण आधी पागोळ्यांचं पाणी पायाजवळ मुरतंय का, बाजूला कोणी खोदलंय का, भिंतीत झाडाचं मूळ शिरलंय का ते बघा, तिरकी भेग बऱ्याच वेळा पाया एका बाजूने खचल्याची असते, आणि त्याला जवळचा अनुभवी सिव्हिल इंजिनिअर पुरे. बाकी चिरा हे मटेरियल म्हणून मला फार इंटरेस्टिंग वाटतं, कारण वरची शितावाली युक्ती इथे अडखळते. चिऱ्यातली भोकं काही मिलिमीटरपासून सेंटीमीटरपर्यंत आणि चिराच मुळात हात-दीड हात लांब, म्हणजे भोक आणि वस्तू यांच्या मापात पुरेसं अंतरच नाही, सरासरी घ्यायला डबा घ्यावा तर तो चिऱ्याएवढाच होतो. त्यात भिंत तडकते ती बहुतेक सांध्यातून. म्हणून दगडी-चिऱ्याच्या भिंतीला सहसा प्रत्येक चिरा वेगळा ब्लॉक म्हणून आणि सांधे म्हणजे घसरू-उघडू शकणारे इंटरफेस असं मॉडेल करतात. एका भिंतीला ठीक, अख्ख्या वाड्याला जड जातं.

प्रश्न (पणजीहून गणिताचे निवृत्त शिक्षक): तुमच्या टिपणात वाक्य होतं की चांगलं सॉफ्टवेअर स्वतःची चूक किती तेही सांगतं. मला हे पटलं नाही. चूक म्हणजे खरं उत्तर वजा आपलं उत्तर. खरं उत्तर माहीत नसताना चूक कशी सांगणार? आणि माहीत असेल तर एवढा खटाटोप कशाला?

उत्तर: सर, या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. आणि याचं उत्तर तुम्ही आयुष्यभर शिकवलेल्या भूमितीतच आहे, अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो त्यात.

असं बघा. खऱ्या उत्तराला दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली, वस्तू कुठे फाटता कामा नये, तुकडे एकमेकांना बसले पाहिजेत. दुसरी, प्रत्येक ठिकाणी बळं समतोल पाहिजेत. (मटेरियलचा नियम दोघांना जोडतो.) दोन्ही एकदम पाळणं अवघड, म्हणूनच सगळा खटाटोप. पण एकेकटी अट पाळणं सोपं आहे! नेहमीची फायनाईट एलिमेंट मेथड पहिली अट काटेकोर पाळते आणि दुसरी सरासरीने सांभाळते. आता दुसरं एक उत्तर मुद्दाम असं तयार करायचं की त्यात बळं सगळीकडे बरोबर समतोल आहेत, तुकडे बसतात की नाही त्याची फिकीर नाही. ही झाली दोन चुकीची उत्तरं. प्रेगर आणि सिंज यांनी १९४७ मध्ये दाखवलं की एनर्जीच्या मापाने अंतर मोजलं तर खऱ्या उत्तरापासून या दोघांकडे जाणाऱ्या दिशा एकमेकींना काटकोनात असतात. म्हणजे खरं उत्तर एका अशा वर्तुळावर आहे ज्याचा व्यास म्हणजे ही दोन चुकीची उत्तरं जोडणारी रेषा! मग दोघांचा मध्यबिंदू घ्या, त्याच्यापासून खरं उत्तर नेमकं फटीच्या निम्म्या अंतरावर आहे. खरं उत्तर कुठे आहे ते माहीत नाही, पण किती लांब आहे ते पक्कं माहीत आहे, अंदाज नव्हे, सिद्धता. अर्थात हे लिनियर इलॅस्टिसिटीपुरतं (बळ दुप्पट तर सरकणं दुप्पट, असं वागणाऱ्या वस्तूंपुरतं), पुढे नॉनलिनियरला गेलं की गणित वाढतं. फ्रान्समध्ये लादवेझ यांनी हीच वाट धरून ते खूप पुढे नेलं.

व्यवहारात बहुतेक सॉफ्टवेअर एवढे कष्ट घेत नाहीत. शेजारच्या दोन एलिमेंटमध्ये स्ट्रेस वेगवेगळा येतो, खऱ्या वस्तूत अशी उडी नसते, तर उड्या जिथे मोठ्या तिथे चूक मोठी असं धरतात. १९७८ मध्ये बाबुश्का आणि राइनबोल्ट यांनी याला गणिताचा पाया दिला, १९८७ मध्ये झिएन्केविच आणि झू यांनी एक स्वस्त रीत काढली, स्ट्रेस गुळगुळीत करून घ्यायचा आणि मूळ ओबडधोबड स्ट्रेसशी तुलना करायची. ती इतकी स्वस्त आणि इतकी बरी चालते की सगळीकडे गेली, पण तिची हमी प्रेगर-सिंजसारखी नाही हे वापरणाऱ्यातले बरेच जण विसरतात. आणि गंमत म्हणजे बरेच पोस्ट-प्रोसेसर (उत्तराचं चित्र काढणारे प्रोग्राम) आधीच स्ट्रेस गुळगुळीत करून सुंदर रंगीत चित्र देतात, उड्या लपवूनच टाकतात. चूक दाखवणारी जी एकमेव खूण होती तीच पुसली. त्यामुळे मी तर कोणी चित्र दाखवलं की पहिल्यांदा म्हणतो, ॲव्हरेजिंग, म्हणजे हे गुळगुळीत करणं, बंद करून दाखव.

मल्टिस्केलमध्ये हा हिशेब अजून वाढतो, कारण चुका अनेक जागी असतात, मोठ्या मेशची, डब्यातल्या छोट्या मेशची, डबा लहान घेतल्याची, समीकरणं पुरेशी न सोडवता मध्येच थांबवल्याची, आणि मुळात आत दिलेल्या माहितीची. समजा मोठ्या मेशची चूक अर्धा टक्का आहे आणि डब्याच्या दोन उत्तरांतली फट ८ टक्के, तर मोठी मेश अजून बारीक करण्यात रात्रभर कम्प्युटर जाळणं म्हणजे नुसतं वीजबिल. याचं गणितही झालेलं आहे, मोठी मेश बारीक करत गेलात आणि डब्यातली तशीच ठेवली तर एका टप्प्यानंतर एकूण चूक हलतच नाही, दोन्ही जोडीने बारीक कराव्या लागतात. म्हणून कुठली चूक सगळ्यात मोठी ते आधी शोधायचं आणि पैसे तिथे घालायचे.

प्रश्न (मडगावहून): ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला तो आमच्या पिढीला अजून आठवतो. आता म्हणतात सगळं कम्प्युटरवर आधी बघतात म्हणून असं होणार नाही. खरंच? की सिम्युलेशनमुळेच काही कोसळलंय असंही आहे?

उत्तर: आहे की. २३ ऑगस्ट १९९१, नॉर्वेमध्ये स्टाव्हांगरजवळचा गांड्सफ्योर्ड. समुद्रातून गॅस काढायला स्लाइप्नर ए नावाचा प्लॅटफॉर्म उभा करायचा होता, त्याचा काँक्रीटचा तळ म्हणजे २४ प्रचंड पोकळ कोठ्या. वरचा डेक बसवायच्या आधी तळ पाण्यात खाली खाली बुडवून चाचणी चालू होती. जिथे तीन कोठ्या एकमेकींना भिडतात तिथे मध्ये एक तिकोनी पोकळी राहते, तिच्यात समुद्राचं पाणी भरलेलं, ६५ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला जवळपास ६५ टन दाब. त्या पोकळीची भिंत तडकली, पाणी आत घुसलं, पंप पुरले नाहीत आणि अख्खा तळ बुडाला. खाली आपटला तेव्हा भूकंपमापकावर ३ रिश्टरची नोंद झाली. माणसं वाचली, नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं.

चौकशीत निघालं ते असं की नास्ट्रान या सॉफ्टवेअरवर केलेल्या ॲनालिसिसमध्ये नेमक्या त्या तिकोनी जागी मेश जाडीभरडी आणि एलिमेंट वाकडे होते, त्यामुळे भिंतीतला शिअर स्ट्रेस (कातरणारा) ४७ टक्क्यांनी कमी दिसला. त्या कमी आकड्यावर भिंतीची जाडी ठरली, वर त्या सांध्यातल्या काही सळ्या आखूड पडल्या. नंतर नीट मेश घेऊन परत गणित केलं तर त्याने सांगितलं ६२ मीटरवर तुटेल, आणि प्रत्यक्षात तुटलं ६५ वर. म्हणजे मेथड चांगली होती, समीकरणं बरोबर होती, सॉफ्टवेअर नाणावलेलं होतं, फक्त त्या एका कोपऱ्यात चूक किती आहे हे कोणी विचारलं नाही. मेश निम्मी करून एकदा परत चालवलं असतं तरी कळलं असतं, त्याला काय खर्च होता?

समीकरण बरोबर सोडवलं का हा एक प्रश्न, आणि समीकरण तरी बरोबर घेतलं का हा दुसरा. स्लाइप्नर पहिल्यात सापडला. आपल्याकडच्या पुलांना मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते. मॉडेलमध्ये केबलची, सळीची ताकद जी लिहाल ती वर्षानुवर्षं तशीच राहते, खारं वारं, गंज, बेअरिंगमध्ये साठलेला कचरा हे तुम्ही घातलं तरच आत येतं. मांडवीवरचा अटल सेतू असो की नवा झुआरी पूल, मॉडेल कितीही चांगलं असलं तरी पुलाखाली जाऊन बघणाऱ्या माणसाचा पगार त्यातून वाचवता येत नाही.

प्रश्न (कुंकळ्ळीहून एम.टेक.चा विद्यार्थी): काँक्रीट बीम तुटेपर्यंत न्यायची आहे. मेश बारीक केली की बीमची ताकद कमी येते, अजून बारीक केली की अजून कमी. हे पण त्या कोपऱ्यासारखंच का?

उत्तर: दिसायला तसंच, कारण वेगळं. काँक्रीट तडकल्यावर त्याचा स्ट्रेस खाली येतो, मग सगळं नुकसान एलिमेंटच्या एकाच ओळीत गोळा होतं. ओळ जेवढी बारीक तेवढी तडकायला लागणारी एनर्जी कमी, मेश शून्याकडे नेली तर एनर्जीही शून्य, म्हणजे बीम फुकटात तुटते. खऱ्या काँक्रीटमध्ये एक चौरस मीटर भेग उघडायला साधारण १०० ज्यूल लागतात आणि तुझी मेश काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बाझांत आणि ओह यांनी १९८३ मध्ये यावर सरळ उपाय दिला, एलिमेंटच्या साईजप्रमाणे उतरणारा कर्व्ह असा बदलायचा की दर चौरस मीटरची एनर्जी तीच राहील. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे असतं, फ्रॅक्चर एनर्जी नावाचा रकाना रिकामा सोडू नकोस. दुसरी वाट म्हणजे मटेरियललाच एक लांबी द्यायची (नुकसान किती रुंद पट्ट्यात पसरतं ती), नॉनलोकल मॉडेल किंवा आताचं फेज-फील्ड, पण मग त्या लांबीत चार-पाच एलिमेंट तरी बसले पाहिजेत आणि गणित जड होतं. पहिल्यांदा बाझांतच्या वाटेने जा.

आणि तुझा गाईड म्हणाला की एफई स्क्वेअर लावून बघ, तर त्याला हेच सांग. तडकायला लागलेल्या मटेरियलला शितच राहत नाही, डबा जेवढा मोठा घेशील तेवढा तो जास्त ठिसूळ दिसतो, कारण भेग डब्याच्या आकारमानाबरोबर वाढत नाही. यावर अजूनही रिसर्च चालू आहे, थीसिसला विषय हवा असेल तर आहे.

प्रश्न (वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधून): रबरचा पॅड मॉडेल केला, लोखंडासारखा कडक येतोय.

उत्तर: पॉइसन रेशो (ताणल्यावर वस्तू आडवी किती आकसते त्याचं प्रमाण) ०.४९९ वगैरे घातला असणार. रबराचं आकारमान बदलत नाही, साध्या एलिमेंटला ती अट पाळून हलायला जागाच राहत नाही, त्याला लॉकिंग म्हणतात. एलिमेंटचा टाईप हायब्रिड किंवा मिक्स्ड करा, प्रेशर वेगळा मोजणारा. मेश बारीक करून हे सुटत नाही, सुटलं तरी फार उशिरा.

प्रश्न (पेडण्याहून अकरावीतला वाचक): सर्वात खरं उत्तर हवं तर थेट अणूंपासूनच का सुरू करत नाहीत?

उत्तर: लोखंडाचा एक मायक्रॉनचा घन घेतलास, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान, तरी त्यात ८,५०० कोटी अणू. आणि अणू इतके भराभर थरथरतात की वेळेचा टप्पा एका सेकंदाच्या एक हजार लाख कोटीव्या भागाएवढा घ्यावा लागतो. म्हणून जिथे खरंच गरज आहे, भेगेच्या टोकाशी वगैरे, तिथेच अणू ठेवतात आणि बाकी सगळीकडे एलिमेंट. १९९६ मध्ये टॅडमोर, ऑर्टिझ आणि फिलिप्स यांनी क्वासिकॉन्टिन्युअम नावाची अशी रीत काढली. तिथे एक मजेशीर भानगड झाली, अणूंचा भाग आणि एलिमेंटचा भाग जिथे शिवला होता तिथे कोणी हात न लावताच बळं दिसायला लागली, त्यांना नावच पडलं घोस्ट फोर्स, भुताटकीची बळं! ती घालवायला बऱ्याच लोकांची बरीच वर्षं गेली. दोन मापं जोडायची म्हटली की चूक बहुतेक शिवणीतच.

प्रश्न (साखळीहून): आता एआय आलंय, हे सगळं कशाला शिकायचं? आणि शिकायचंच असेल तर महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही.

उत्तर: एआयचा उपयोग आहे. वर सांगितलं तो डबा ३ कोटी वेळा सोडवण्यापेक्षा काही हजार वेळा सोडवायचा, त्यावर न्यूरल नेटवर्क शिकवायचं आणि मग डब्याच्या जागी ते बसवायचं, प्रचंड वेळ वाचतो. पण ज्या ताणाचं उदाहरण त्याने कधी बघितलंच नाही तिथेही ते तेवढ्याच आत्मविश्वासाने आकडा देतं, आणि त्या आकड्याच्या बाजूला फट लिहिलेली नसते. ती फट काढायला परत हेच शिकलेला माणूस लागतो.

सॉफ्टवेअरसाठी पैसे नकोत. कॅल्क्युलिक्स, कोड ॲस्टर फुकट आहेत, फ्रीकॅडमध्ये मॉडेल काढून तिथूनच कॅल्क्युलिक्स चालवता येतं. गणिताची आवड असेल तर फेनिक्स किंवा डील टू, तिथे समीकरण स्वतः लिहावं लागतं आणि ते बरंच आहे. पहिलं काम म्हणून लांब पट्टी घ्या, मध्ये गोल भोक, दोन्ही टोकांनी ओढा. अनंत रुंद पट्टीला भोकाच्या कडेला स्ट्रेस बरोबर तिप्पट होतो, हे किर्श यांनी १८९८ मध्ये कागदावर काढून ठेवलंय. तीन मेश करा, ॲव्हरेजिंग बंद ठेवा, आकडा कसा बसतो ते बघा. पट्टीची रुंदी भोकाच्या दहापट असेल तर उत्तर साधारण ३.०३ च्या आसपास यायला हवं. अगदी नेमके ३ आले तर खूश होऊ नका, कुठेतरी काहीतरी चुकलंय, शोधा.